थायरॉइड आणि व्हीएचं रेटिंग: गोळी तीच, मित्राला १० टक्के, मला शून्य?

खडकवासलेकर

नमस्कार मंडळी. अमेरिकन सैन्यातून बाहेर पडलेले चार-दोन मराठी लोक इथे आहेत हे आधीच्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो.

मी २०१३ मध्ये मावनी योजनेतून आर्मीत गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रीन कार्ड नाही पण देशात कायदेशीर राहताय, आणि लष्कराला हवी असलेली एखादी भाषा येते, तर भरती करून नागरिकत्व लवकर द्यायचे. माझी भरती हिंदीवर झाली. २०१६ नंतर ते दार बंद झालं.

२०१९ मध्ये नोकरीत असतानाच हाशिमोटो (थायरॉइड मंदावणारा आजार) निघाला. टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) बराच वर गेला होता, तेव्हापासून लेव्होथायरॉक्सिनची गोळी चालू आहे. २०२१ मध्ये बाहेर पडलो आणि व्हीएकडे (अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं) भरपाईचा क्लेम टाकला तो गेल्या वर्षी. निकाल असा: आजार सेवेत सुरू झाला हे मान्य, रेटिंग (अपंगत्वाचे टक्के, ज्यावर दरमहाचे पैसे ठरतात) ० टक्के.

माझ्या युनिटमधला एक जण २०१५ मध्ये बाहेर पडला होता. तोच आजार, तीच गोळी, डोस माझ्याहून कमी. त्याला तेव्हा १० टक्के मिळाले आणि आजही चालू आहेत. हे कसं काय? अपील करावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गवती_चहा

वाचतेय. घरात हाच विषय चालू आहे, फक्त उलट्या बाजूने (ग्रेव्ह्ज, म्हणजे थायरॉइड जास्त चालणं).

दक्षिणवारा

मी एअर फोर्समधून निवृत्त, सध्या सॅन अँटोनिओत. माजी सैनिकांच्या एका संघटनेत क्लेमच्या कागदपत्रांना मदत करतो, त्यामुळे हे प्रकरण रोजच्या ओळखीचं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर १० डिसेंबर २०१७ या तारखेत आहे. त्या दिवशी अंतःस्रावी ग्रंथींचं रेटिंग कोष्टक बदललं.

आधी हायपोथायरॉइडिझमला (थायरॉइड मंद चालणं), म्हणजे कोष्टकातल्या कोड ७९०३ ला, चार पायऱ्या होत्या. थकवा येतो किंवा आजार आटोक्यात ठेवायला सतत औषध लागतं, एवढ्यावर १० टक्के. थकवा, बद्धकोष्ठ आणि डोकं मंद चालणं असेल तर ३०. स्नायू दुबळे, मनावर परिणाम, वजनवाढ असेल तर ६०. आणि थंडी न सोसणं, हृदयावर परिणाम, नाडी मिनिटाला ६० च्या खाली, सतत झोप वगैरे असेल तर १००. तुमच्या मित्राला १० मिळाले ते गोळीचे. रोज गोळी लागते हे सिद्ध झालं की काम झालं, लक्षणं दाखवायची गरजच नव्हती.

नव्या कोष्टकात त्या पायऱ्या गेल्या. मिक्सिडिमा (हायपोची अतितीव्र अवस्था) झाला असेल तर १०० टक्के, तेही प्रकृती स्थिरावली असं डॉक्टरने लिहिल्यापासून सहा महिन्यांपर्यंत. मिक्सिडिमा नसेल तर ३० टक्के, निदानापासून सहा महिने. त्यानंतर ७९०३ खाली काही नाही. जो त्रास उरला असेल तो ज्या अवयवाचा, त्या अवयवाच्या कोष्टकात मोजायचा.

तुमचं निदान २०१९ चं. ते सहा महिने तुम्ही गणवेशात आणि पगारावर असतानाच संपले. क्लेम आला तोवर ७९०३ कडे तुम्हाला द्यायला काही उरलंच नव्हतं.

मित्राचे १० का टिकले? कोष्टक बदललं एवढ्याच कारणावरून चालू रेटिंग खाली आणता येत नाही. प्रकृती खरोखर सुधारलेली दिसावी लागते. त्याला सांगा, निवांत राहा.

खडकवासलेकर

इतकं स्पष्ट पहिल्यांदाच कळलं. निकालपत्रात तीन पानं होती आणि त्यात ही तारीख कुठेच नव्हती. म्हणजे अपिलात अर्थ नाही?

दक्षिणवारा

त्या शून्यावर हायर लेव्हल रिव्ह्यू (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी) मागाल तर फुकट वेळ जाईल. तिथे नवा पुरावा देता येत नाही, आणि आहे त्या पुराव्यावर नियमाप्रमाणे शून्यच येतं.

पण शून्याला हसू नका. "सेवेशी संबंधित" हा शिक्का लागलाय, तोच महत्त्वाचा. त्या आजाराचे उपचार आणि गोळ्या व्हीएकडे विनामूल्य, आणि त्या आजारामुळे झालेला प्रत्येक पुढचा त्रास आता "दुय्यम" म्हणून मागता येतो. तेव्हा खरा प्रश्न असा: टीएसएच नॉर्मल असूनही तुम्हाला अजून काय काय होतं? "थायरॉइडचा त्रास होतो" असं नको. शरीराच्या कुठल्या भागाला, केव्हा, कसा, ते लिहा.

चष्मेबद्दूर

थोडं कडू बोलतो, दिवे घ्या. माझ्या आईला वीस वर्षं थायरॉइड आहे. सकाळी उठून गोळी घेते आणि दिवसभर आम्हाला पळवते. गल्लीतल्या निम्म्या बायकांची हीच गत. गोळीने बरं वाटत असेल तर करदात्यांनी दरमहा पैसे का द्यायचे? २०१७ चा बदल मला तरी रास्त वाटतो.

दक्षिणवारा

कडू असलं तरी निम्मं बरोबर आहे. व्हीएचा युक्तिवादही हाच होता की औषधाने बहुतेकांचं सहा महिन्यांत स्थिरावतं. रेटिंग ही आजाराबद्दलची सहानुभूती नसते, कमाईच्या क्षमतेत सरासरी किती घट येते त्याचा तो अंदाज असतो. नुसत्या गोळीला १० टक्के देणं सैलच होतं, हे मी आमच्या ऑफिसातही बोलतो आणि शिव्या खातो.

पण परिणाम काय झाला ते पाहा. पूर्वी एक कोड, एक तपासणी, १० टक्के, विषय संपला. आता ज्याला खरंच त्रास आहे त्याला तो नस, मन, डोळे, आतडी असा तुकड्यातुकड्यांत मांडावा लागतो, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी तपासणी. ज्याला हे माहीत नाही तो शून्य घेऊन घरी जातो, ज्याला माहीत आहे तो पूर्वीपेक्षा जास्त घेतो. आजारी दोघंही सारखेच. ह्याला मी रास्त म्हणणार नाही.

चष्मेबद्दूर

हे मान्य. आईचं उदाहरण मात्र मागे घेत नाही :)

डॉ_निवांत

नाशिकहून, वैद्यकीय बाजूपुरतं लिहितो. अमेरिकन नियम माझा प्रांत नाही.

टीएसएच नॉर्मल आला म्हणजे रक्तातलं संप्रेरक जागेवर आलं. पेशंट जागेवर आला असं दर वेळी नसतं. बहुतेक जण ठणठणीत होतात, चष्मेबद्दूरांच्या मातोश्रींसारखे. काहींचा थकवा, मरगळ, विसरभोळेपणा राहतो आणि हे आम्ही ओपीडीत रोज पाहतो. मात्र थकवा आणि वजन यांची कारणं शंभर असतात. बी-१२, हिमोग्लोबिन, झोपेतला श्वास या गोष्टी आधी तपासून घ्याव्यात. नाहीतर सगळं खापर थायरॉइडवर फुटतं आणि खरं कारण तसंच राहतं.

अवांतर: गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा-कॉफी अर्ध्या-एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास. "डोस वाढवत नेला तरी टीएसएच हलत नाही" म्हणणाऱ्या कित्येकांच्या घरी गोळी चहाच्या घोटाबरोबर जाते.

खडकवासलेकर

सी अँड पी तपासणीत (क्लेमसाठी व्हीए करवते ती वैद्यकीय तपासणी) कंत्राटी तपासनीसाने विचारलं, "गोळी रोज घेता? टीएसएच नॉर्मल? ठीक." कपाटातून पिशवी काढून गाडीकडे परत यायला जितका वेळ लागतो तितक्यात आटोपलं. हाताचं मी बोलायला लागलो तर म्हणाला, आज फक्त थायरॉइडचा फॉर्म आहे.

हाताचं असं. रात्री दोनच्या सुमारास जाग येते, उजवा हात मेलेला असतो. पलंगाच्या कडेला बसून झटकतो, मग मुंग्या येतात, मग हळूहळू जीव येतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू. करंगळीला काही होत नाही. डावीकडेही तेच, पण कमी. हायवेवर स्टिअरिंग धरून अर्धा तास झाला की हात बदलावा लागतो. मी गोदामात स्कॅनर धरायचं काम करतो, गेल्या काही महिन्यांत तो हातातून निसटायला लागलाय.

आणि बायको म्हणते तुझा चेहरा दोन वर्षांपासून लांबलाय. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

डॉ_निवांत

करंगळी सुटते हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं. अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंतचा भाग मीडियन नसेचा (हातातला एक मज्जातंतू). करंगळी दुसऱ्या नसेची. रात्री वाढणं आणि झटकल्यावर बरं वाटणं, हे कार्पल टनेल सिंड्रोमचं नेहमीचं वर्णन आहे. हायपोथायरॉइडमध्ये मनगटाच्या त्या अरुंद बोगद्यात ऊतींना सूज येऊन नस दाबली जाते, हा संबंध वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात आहे. अर्थात हाताच्या कामानेही होतं, मधुमेहानेही होतं. नर्व्ह कंडक्शन चाचणी करून घ्या आणि साखरही बघा.

चेहरा लांबलाय, त्याबद्दल: डॉक्टरला सांगा. क्लेमसाठी नको, तुमच्यासाठी. मनाची मरगळ थायरॉइडमध्ये येते आणि तिच्यावर वेगळे उपचार असतात.

दक्षिणवारा

बघा, हा हात ज्या दिवशी कागदावर आला असता त्या दिवशी शून्याचं काही तरी झालं असतं.

आता हिशोब. मीडियन नसेचा कोड ८५१५. सौम्य असेल तर कुठल्याही हाताला १०. मध्यम असेल तर कामाच्या हाताला ३०, दुसऱ्याला २०. समजा दोन्ही सौम्य निघाले. १० आणि १० मिळून व्हीएच्या गणितात १९ होतात, कारण दुसरे १० उरलेल्या ९० चे काढतात. दोन्ही हात असल्यामुळे त्यावर आणखी दहावा हिस्सा, १.९. झाले २१.

नैराश्याचं निदान होऊन ते थायरॉइडमुळे आहे असं ठरलं आणि ३० मिळाले असं धरू. मानसिक आजारांचं कोष्टक ०, १०, ३०, ५०, ७०, १०० असं उड्या मारतं, मधलं काही नाही. ३० आणि २१ एकत्र केले की ४५ येतात, आणि शेवटी पाच आला की वर ढकलतात. म्हणजे ५०. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांत एकट्या माणसाला १० टक्क्यांचे महिना १७५.५१ डॉलर होते, ३० चे ५३७.४२, ५० चे अकराशेच्या आसपास. ३० पासून पुढे बायको-मुलांची भर पडते, आणि यावर केंद्रीय आयकर नाही. ५० झाले की व्हीएच्या औषधांचा को-पेही (आपल्या खिशातून भरायचा वाटा) जातो.

हे सगळं "समजा" आहे. आकडा मनात धरून डॉक्टरकडे जाऊ नका, त्रास सांगायला जा.

मिनेसोटाची_सून

थोडी वेगळी गोष्ट, पण कुणाच्या उपयोगी पडेल. माझे सासरे १९६८-६९ मध्ये व्हिएतनामला होते. थायरॉइडची गोळी चाळीशीपासून. २०११ मध्ये त्यांनी क्लेम टाकला होता, सेवेशी संबंध नाही म्हणून नाकारला गेला. त्यांनी फाइल बांधून तळघरात ठेवली आणि विषय बंद.

१ जानेवारी २०२१ ला कायदा झाला आणि एजंट ऑरेंजच्या (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं विषारी तणनाशक) यादीत तीन आजार आले: मूत्राशयाचा कर्करोग, हायपोथायरॉइडिझम आणि पार्किन्सनसारखी लक्षणं. व्हिएतनाममध्ये पाय ठेवला असेल तर संबंध सिद्ध करायची गरज नाही, धरूनच चालतात. नंतर व्हीएकडूनच पत्र आलं की तुमचा जुना क्लेम पुन्हा उघडतोय. आणि पैसे २०११ पासूनचे! सासऱ्यांना वाटलं कुणीतरी फसवतंय, पत्र फाडायलाच निघाले होते.

दक्षिणवारा

त्याला नेहमर म्हणतात. १९८६ चा सामूहिक दावा, १९९१ चा समझोता. एजंट ऑरेंजच्या यादीत आजार नंतर आला तरी, आधी त्याच आजारासाठी नाकारलेल्या क्लेमची तारीख धरायची. आणि २०११ ची तारीख म्हणजे जुनं कोष्टक, गोळीवर १० टक्के. थोडक्यात, खडकवासलेकरांच्या मित्रासारखंच.

एक खुलासा: त्या यादीत फक्त हायपो आहे. हायपर किंवा थायरॉइडचा कर्करोग नाही. थायरॉइडचा कर्करोग आहे तो किरणोत्सर्गाच्या यादीत: वातावरणातल्या अणुचाचण्यांत सामील झालेले, हिरोशिमा-नागासाकीच्या ताब्याच्या काळात तिथे असलेले, वगैरे. कर्करोगाला कोड ७९१४, उपचार चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी सहा महिने १००, मग सक्तीची तपासणी आणि उरलेल्या त्रासाचं रेटिंग.

गवती_चहा

आमच्याकडे नवऱ्याला (नेव्ही) ग्रेव्ह्ज. नाडी आता ताब्यात आहे, पण डोळे बाहेर आलेत आणि वर बघताना एकाचे दोन दिसतात. जिना उतरताना ठीक, मात्र फडताळातला डबा काढायला गेला की चुकीच्या डब्याला हात. निदान चार महिन्यांपूर्वीचं, सेवेतून सुटून अजून वर्ष व्हायचंय. काय करावं?

दक्षिणवारा

ताई, तुम्ही वेळेत आहात, आजच इंटेंट टू फाइल (क्लेम करणार असल्याची आगाऊ नोंद) टाका. सुटून वर्षाच्या आत क्लेम गेला तर पैसे सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचे मिळू शकतात, त्याच्या मागचे नाहीत. शिवाय ग्रंथींचे आजार सुटल्यापासून वर्षभरात १० टक्क्यांच्या तीव्रतेने दिसले तर ते सेवेतलेच धरतात.

हायपरचा कोड ७९००, निदानापासून सहा महिने ३० टक्के. डोळ्यांचं मात्र त्यातच लिहिलंय की वेगळं रेटिंग करायचं. दोन दिसण्याचा कोड ६०९०. तिथे नुसतं "दोन दिसतं" चालत नाही, कुठल्या दिशेला किती अंशांवर दिसतं ते गोल्डमन यंत्राच्या (नजरेचा आवाका मोजणाऱ्या) चार्टवर काढावं लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते यंत्र आहे का हे फोनवरच विचारा. हृदयाचा त्रास असेल तर तोही वेगळा.

सुभेदार_कोरेगाव

जय हिंद. मी आपल्या भारतीय सेनेतला, सातारा जिल्हा. सगळं वाचलं. आमच्याकडे रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळची वैद्यकीय तपासणी) पहिली लढाई टक्क्याची नसते. "सेवेमुळे नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही" असा शेरा बोर्डाने मारला की कितीही टक्के असू देत, पेन्शनचा तो भाग गेला. आणि पूर्ण नोकरी करून आलेल्याला २० टक्क्यांच्या खाली असेल तरी नाही. २० च्या वर गेलं तर मात्र राउंडिंग भारी: ५० च्या खाली असेल तर थेट ५०. राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ते सगळ्यांना लागू केलं. त्याआधी २०१३ मध्ये धरमवीर सिंग निकालात सांगितलं होतं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नंतर सेवेमुळेच झाला असं धरावं, उलटं सिद्ध करायचं ते सरकारने. तरी पोरं ट्रिब्युनलच्या पायऱ्या चढतातच. आणि २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम.

विचारायचं हे, तिकडे सैन्यामुळे झाला हे दाखवावं लागत नाही का?

दक्षिणवारा

काका, जय हिंद. बहुतेक वेळा नाही. सेवेत असताना सुरू झाला एवढं पुरतं, सेवेने घडवला पाहिजे असं नाही. खडकवासलेकरांचा हाशिमोटो घराण्यातून आलेला असेलही, निदान गणवेशात झालं, पुरे. आत येताना आजाराची नोंद नसेल तर तुम्ही निरोगी होतात असं इथेही धरतात, धरमवीर सिंगसारखंच. तुमच्याकडे दारातच अडवतात, इथे दारातून आत घेतात आणि मग टक्क्यात अडवतात.

सुभेदार_कोरेगाव

आमच्या गावच्या पोरांनी हे वाचलं तर पासपोर्ट काढायला लागतील.

चष्मेबद्दूर

काका, भारतीय पेन्शनवर वेगळा धागा काढाच. इथे हरवून जाईल.

खडकवासलेकर

+१ काकांना. बरं, दोन प्रश्न राहिलेत. वजन सोळा किलोने वाढलंय, कोलेस्टेरॉलही वर. त्याचं काही? आणि एक कंपनी रोज फोन करते, "आम्ही रेटिंग वाढवून देतो, वाढीचे पाच महिन्यांचे पैसे आमचे".

दक्षिणवारा

कोलेस्टेरॉल व्हीएच्या लेखी रक्ताचा रिपोर्ट आहे, अपंगत्व नाही. लठ्ठपणालाही स्वतःचं रेटिंग नाही. पण तो मधला दुवा होऊ शकतो: थायरॉइडमुळे वजन, वजनामुळे गुडघे किंवा झोपेतला श्वास. ही साखळी डॉक्टरने लेखी जोडून द्यावी लागते. "असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे" एवढं मत पुरतं, शंभर टक्के खात्री मागत नाहीत. आणि एकच लक्षण दोनदा मोजत नाहीत. थकवा नैराश्यात धरला की तो पुन्हा दुसरीकडे मागू नका, अर्ज लोभी दिसतो.

त्या कंपनीचा फोन ब्लॉक करा. पहिल्या क्लेमच्या कामासाठी पैसे घेणं कायद्यात बसत नाही. मान्यताप्राप्त वकीलसुद्धा पहिल्या निकालानंतरच फी लावू शकतो. माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी हेच काम फुकट करतात.

क्रम असा ठेवा: आधी इंटेंट टू फाइल, म्हणजे आजची तारीख वर्षभर राखून राहते. मग चाचणी, मग मानसोपचारतज्ज्ञ, मग डॉक्टरचं मत, आणि शेवटी हात आणि मन थायरॉइडला दुय्यम म्हणून क्लेम. स्कॅनर निसटतो याबद्दल सुपरवायझरचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. बायकोचंही चालतं.

मिनेसोटाची_सून

बायकोचं पत्र नक्की लावा. सासूबाईंनी लिहिलेलं एक पान सासऱ्यांच्या अख्ख्या फाइलपेक्षा जास्त बोलत होतं.

खडकवासलेकर

इंटेंट आत्ताच टाकला. नर्व्ह कंडक्शनची तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. बायको पत्र लिहायला बसलीय, तिसरं पान चालू आहे, मला वाचू देत नाही. अजून एक: पुढेमागे पुण्याला परत जायचा विचार आहे. तिथे हे पैसे मिळतात?

दक्षिणवारा

मिळतात. देश बदलला म्हणून भरपाई थांबत नाही, अमेरिकेतलं बँक खाते चालू ठेवा म्हणजे कटकट नाही. उपचारांसाठी व्हीएच्या फॉरिन मेडिकल प्रोग्रॅममध्ये नाव नोंदवायचं, पण तो फक्त सेवेशी जोडलेल्या आजारांचा खर्च देतो. म्हणून हात आणि मन जोडून घेऊनच विमानात बसा.

डॉ_निवांत

गुरुवारी हाताला क्रीम, तेल काही लावू नका, चाचणीचे इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. अंगठ्या घरी ठेवा. आणि हात गार असले की नसेचा वेग कमी दिसतो, तेव्हा तिथली खोली एसीने गारठलेली असेल तर आधी हात गरम करून घ्या म्हणावं.